टोटल लॉसची गाडी घ्यायची तर आधी तुटलेली गाडी पाहा

माझा धंदा मोटर वाइंडिंगचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, घराच्या पडवीतच दुकान. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी फोन करतो, मी वावरात जातो, मोटर सोडवून मोटारसायकलच्या मागं बांधतो अन् घरी आणतो. पाच एचपीचा मोनोब्लॉक म्हणजे चाळीस-पन्नास किलो लोखंड, ते पांदणीतून, काळ्या मातीतून. लाखाची नवी गाडी या कामाला जुंपायला माझा जीव होत नाही. म्हणून आजवर दोनदा मी विम्यात टोटल लॉस झालेली, मग कोणीतरी दुरुस्त केलेली गाडी घेतली.

पहिली २०१७ मध्ये, २२,००० ला. रंग पाहून घेतली, दुसरं काय सांगू. हात जरा सैल सोडला की डावीकडं ओढायची. पुढच्या शॉकअपचं ऑइल सील दर दोन महिन्यांनी जायचं, चेनकिट पाच महिन्यांत एका बाजूनं खाल्लं. नावावर करायला गेलो तर आधीच्या मालकाचं कर्ज तिच्यावर अजून उभंच. दीड वर्ष दुसऱ्याच्या नावानं फिरवली अन् शेवटी ज्याच्याकडून घेतली त्यालाच ५,५०० ला परत देऊन आलो.

दुसरी नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली. २०२१ ची १२५ सीसी होंडा शाईन, ३३,००० ला. तेव्हा मीटर २१,००० दाखवत होतं, आज ५८,००० वर आहे, अन् कालच तिच्यावरून मोटर आणली. दोन्ही गाड्या चकाचक होत्या, दोन्ही वेळी गाडी जोडून विकणारा मिस्त्री गोड बोलला. दुसऱ्या वेळी मी फक्त एक केलं, सौद्याआधी तुटलेल्या गाडीचा फोटो मागितला.

आधी टोटल लॉस म्हणजे काय ते समजून घ्या

गाडीचा चेंदामेंदा झाला म्हणजे टोटल लॉस, असं गावात समजतात. खरं तर हा हिशोबाचा शब्द आहे. पॉलिसीवर गाडीची एक किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, दुरुस्तीचा अंदाज काढतो. तो खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी दुरुस्तीचे पैसे देत नाही, गाडी टोटल लॉस धरते.

गाडीची किंमत ८०,००० धरा. तिसऱ्या वर्षात आयडीव्ही ५६,०००, त्याचे ७५ टक्के ४२,०००. शोरूममध्ये नवी फ्रेम, दोन्ही शॉकअप, टाकी, मॅकव्हील (तारांऐवजी एकसंध धातूचं चाक), हेडलाइट, मजुरी असं लिहीत गेलं की ४२,००० पार व्हायला वेळ लागत नाही. पाचव्या वर्षात हीच रेघ ३०,००० वर येते. म्हणजे जुनी गाडी कमी मोडली तरी टोटल लॉस होते, अन् सहा महिन्यांची नवीकोरी टोटल लॉस झाली असेल तर ती जबर मोडलेली असते. लोक उलटं करतात. मॉडेल नवं म्हणून टोटल लॉसवाल्या नव्या गाडीवर उडी मारतात. मी तीन ते पाच वर्षांची पाहतो.

पुढं मोडक्या गाडीचं दोन तऱ्हेनं होतं. एक तर कंपनी ती ताब्यात घेऊन विकते. नाहीतर मोडक्याची किंमत वजा करून मालकाला पैसे देते अन् गाडी त्याच्याकडंच ठेवते. आरसीसकट की आरसी रद्द करून, हेही तेव्हाच ठरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, अन् मग नोंदणी रद्द होते. रद्द झालेल्या आरसीची गाडी कितीही सुंदर जोडली तरी ती रस्त्यावर चालवता येत नाही. तिचे पार्ट घ्या, गाडी नका घेऊ.

आपल्याकडं आरसीवर ‘ही टोटल लॉस झाली होती’ असा काही शिक्का येत नाही. विचारल्याशिवाय कळत नाही, अन् विचारलं तरी पहिल्या फटक्यात खरं कळेल असं नाही.

फोटो

मिस्त्री म्हणाला, “भाऊ, कायले पायजे फोटो? आता तं सप्पा नवं टाकलं.”

मी म्हटलं, “टाकलं तेच पायचं हाय. कुठं कुठं टाकलं ते.”

सर्व्हेअर फोटो काढतो, शोरूमवाला काढतो, अपघात झाल्यावर भोवती जमलेले दहा जण काढतात. आजच्या काळात तुटलेल्या गाडीचा फोटोच नाही, हे कोणी सांगितलं तर पटत नाही. मिस्त्रीकडं नसेल तर जुन्या मालकाला फोन लावा. सोबत शोरूमचं एस्टिमेट मागा, ते तर सोनंच आहे. त्यात कोणता पार्ट गेला त्याची ओळ न् ओळ लिहिलेली असते. जुना मालक ते सहसा आनंदानं देतो, त्याचे पैसे मिळून गेलेले असतात.

माझ्या गाडीचा फोटो असा होता: रात्रीची वेळ, रस्त्याच्या कडेला गाडी, पुढचं चाक मागं सरकून इंजिनला टेकलेलं, हेडलाइट गायब, टाकीला हॅन्डलचा पोचा. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला होता. सोयाबीन-तुरीच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर रोही अन् रानडुक्कर हे ट्रकपेक्षा जास्त गाड्या मोडतात, असं माझं मत आहे. मागचा भाग मात्र फोटोत शाबूत होता. सायलेन्सर सरळ, मागचं इंडिकेटरसुद्धा जागेवर. म्हणजे मला काय पाहायचं ते ठरलं: पुढचं चाक, शॉकअप, टी (दोन्ही शॉकअप हॅन्डलशी जोडणारी), फ्रेमचं डोकं (हॅन्डल जिथं बसतं ते) अन् इंजिन जिथं फ्रेमला बांधलंय ते कान.

साइडनं घसरलेली गाडी सगळ्यात बरी. लिव्हरची टोकं, फुटरेस्ट, क्रँककेसचं कव्हर, टाकी एवढ्यावर भागतं. मागून ठोकलेलीला चिमटा (मागचं चाक धरणारा) अन् मागची फ्रेम पाहावी लागते. जळालेली घेऊच नका.

पाण्यात बुडालेलीही नको. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याच वर्षी जुलैत आमच्या जिल्ह्यात महागावकडं पुरानं हाहाकार केला होता. त्या दिवाळीत मला पाच गाड्या दाखवल्या, त्यातल्या दोन पाण्यातल्या निघाल्या. एकीचं हेडलाइट खोललं तर आत गाळाची आडवी रेघ. दुसरीची सीट काढली तर वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवं कळकट. एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा, मीटरच्या काचेत वाफ आहे का पाहा, इंजिन ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर असतो. मी रोज जळक्या वाइंडिंगमध्ये हात घालणारा माणूस आहे, ओल लागलेली तार काय करते ते मला माहीत आहे. ती आज चालते अन् सहा महिन्यांनी, नेमकी लग्नाला निघालात तेव्हा, बंद पडते.

कागद, घरी बसून

लोखंड पाहायला जाण्याआधी नंबर मागून घ्या अन् सांजच्याला बाजेवर बसून हे करा. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. नोंदणी चालू दाखवते का, बोजा कोणत्या बँकेचा आहे, विमा कधीपर्यंत आहे, ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, सगळं दिसतं. ई-चलान बाकी आहेत का ते वेगळं पाहा. मग एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, वाहन समन्वय सेवेवर नंबर, चेसिस नंबर अन् इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना ते पाहा.

हे शेवटचं टाळू नका. टोटल लॉस गाडीच्या आरसीला वेगळाच भाव असतो. मोडकी गाडी भंगारात जाते, आरसी राहते, अन् त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर ते नंबर ठोकून ‘दुरुस्त केलेली’ म्हणून विकतात. म्हणून चेसिस नंबर डोळ्यानं वाचायचा. आमच्या इकडच्या बहुतेक गाड्यांना तो हॅन्डलखाली, फ्रेमच्या डोक्यावर उजवीकडं खोदलेला असतो. १७ अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ अन् क्यू ही अक्षरं कधीच नसतात. होंडाचा एमई४ नं सुरू होतो, हिरोचा एमबीएलनं, बजाजचा एमडी२ नं, टीव्हीएसचा एमडी६ नं. नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, छाप उठते. आरटीओच्या कागदांनाही ही छाप लागतेच, तुमचं तेवढं काम आधी होतं. अक्षरं एका ओळीत आहेत का, खोली सारखी आहे का, भोवती ग्राइंडरनं घासल्याची चमक किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग आहे का, हे उजेडात पाहा. माझी छाप अजून पॉलिसीच्या फाइलीत ठेवलेली आहे.

मिस्त्री म्हणाला की फ्रेमच नवी टाकली, तर खूश होऊ नका, कागद मागा. चेसिस बदलायची तर आरटीओची परवानगी अन् आरसीवर नोंद लागते. त्याशिवाय बदललेली फ्रेम म्हणजे पोलिसांच्या लेखी दुसरीच गाडी.

अपघातात कोणी गेलं किंवा जबर जखमी झालं असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: गाडी ठाण्यात जमा झाली होती का? झाली असेल तर ती कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे अटी लिहून घेऊन, सुटलेली असते, अन् केस संपेपर्यंत विकायची नाही, बदल करायचा नाही अशी अट त्यात बहुतेक वेळा असते. मालकच वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर जायला हवी, त्याचा फॉर्म ३१. विधवा बाईच्या सहीच्या नुसत्या कोऱ्या कागदावर व्यवहार करणारे लोक मी पाहिलेत. ते तिच्यासाठीही वाईट अन् तुमच्यासाठीही.

अदिलाबादकडून आलेली टीएस ०१ ची स्वस्त गाडी पांढरकवड्याच्या बाजूला नेहमी दिसते. परराज्याची एनओसी, इथला टॅक्स, पुन्हा नोंदणी, अन् वरून टोटल लॉस. एवढी झंझट अंगावर घेऊ नका.

लोखंड

सकाळी जा, इंजिन थंड असताना. गाडी धुऊन, गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या अन् थंड होईपर्यंत बसा. सोबत मोजायची टेप, दहा-बारा हात सुतळी, बॅटरी (टॉर्च) अन् एक जड माणूस न्या.

पुढून धक्का बसला की जोर चाकातून शॉकअपमध्ये येतो. आधी शॉकअपच्या रॉड मागं वाकतात, मग टी पिळते, मग फ्रेमचं डोकं अन् त्याखालची नळी. पहिलं दोन बदललं की गाडी बाहेरून सरळ दिसते. तिसरं तसंच राहिलं की ती आयुष्यभर ओढते. माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं होतं.

टाकीच्या खाली, डोक्यापासून निघणाऱ्या नळ्यांवर बॅटरी मारा अन् बोट फिरवा. जोडाजवळ रंगाला केसासारखी भेग, पत्र्याला लहर, सुरकुती लागली तर फ्रेम वाकली होती. एका जागी रंग फुगलेला किंवा निळसर-काळपट झाक दिसली तर गॅसनं तापवून सरळ केलेली आहे. तापवलेलं लोखंड नरम पडतं. अशी गाडी मी फुकटही घेणार नाही, माझ्यामागं पन्नास किलोची मोटर असते.

हॅन्डल दोन्ही बाजूला पूर्ण वळवा. वळण जिथं अडतं ती स्टॉपरची गाठ तुटलेली, चेपलेली किंवा वेल्डिंग केलेली आहे का पाहा. जोराच्या धक्क्यात हॅन्डल तिथंच आदळतं. मग डबल स्टँडवर लावा, जड माणसाला मागं बसवून पुढचं चाक उचला अन् हॅन्डल अगदी हळू, दोन बोटांनी फिरवा. मधोमध आल्यावर खट्ट असं बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हॅन्डल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ठोकला गेलाय. कोनसेट नवा बसतो, खर्च मोठा नाही, पण भाव पाडायला कामी येतो. त्याच अवस्थेत शॉकअप खालून धरून पुढं-मागं हलवा, खेळ नको. चाक फिरवून रिमजवळ पेन धरा, रिम आऊट असेल तर पेनाला कधी लागेल, कधी सुटेल.

आता सुतळी. आधी मागच्या चाकाच्या दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना ते पाहा. मग सुतळी मागच्या टायरला मागून वेढून दोन्ही बाजूंनी पुढं आणा, टायरच्या दोन्ही कडांना नुसती टेकेल एवढी ताणा. पुढचा टायर बारीक असतो, तर दोन्हीकडं फट राहील. ती फट दोन्हीकडं सारखी हवी. एकीकडं बोट जातं अन् दुसरीकडं सुतळी घासते, तर उठा.

टेपही लावा. हॅन्डल सरळ ठेवून पुढच्या एक्सलच्या मधापासून मागच्या एक्सलच्या मधापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. बीएस-६ शाईनचा व्हीलबेस, म्हणजे हेच अंतर, १,२८५ मिलिमीटर, स्प्लेंडर प्लसचा १,२३६. चेन ताणण्यानं थोडं इकडंतिकडं होतं, ते सोडा. उजवं अन् डावं माप सारखं आलं पाहिजे, ही खरी गोष्ट. माझ्या गाडीत २ मिलिमीटरचा फरक आला, तो मी चालवून घेतला.

शाईनच्या फ्रेमला खालून पाळणा नसतो, इंजिनच फ्रेमचा भाग म्हणून बोल्टांवर टांगलेलं असतं. त्यामुळं पुढचा धक्का इंजिनच्या कानांपर्यंत जातो. कानाला भेग आहे का, तिथं चकाकणारं नवं वेल्डिंग आहे का, हे झोपून पाहा. कपडे मळतील.

शॉकअपच्या रॉडबद्दल माझं अन् मिस्त्रीचं वाजलं. तो म्हणे नव्या आहेत. मला एका रॉडवर जरा वेगळी चमक वाटली. सौदा ठरवण्याआधी मी त्या काढायला लावल्या अन् लेथवाल्या काकांकडं नेल्या. त्यांनी रॉड फिरवून पाहिली.

“काका, सरळ हाय का?”

“सरळ केलेली हाय. सरळ असनं अन् सरळ केलेली असनं, याच्यात फरक असते बाप्पू.”

वाकवून पुन्हा सरळ केलेली रॉड सील खाते, अन् एखाद्या खड्ड्यात दगा देते. ३८,००० सांगणारा मिस्त्री तिथंच ३३,००० वर आला, अन् नव्या रॉड मी माझ्या पैशानं टाकल्या.

बाकी भरभर सांगतो. मीटरच्या किलोमीटरवर जाऊ नका, पुढचा भाग फुटला की मीटरही बदलतं. फुटरेस्टचं रबर अन् ब्रेकचा पायडल किती झिजलाय ते पाहा. २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाडीत सीबीएस किंवा एबीएस असतोच. शाईनला सीबीएस असतो, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागायला हवा. जोडताना मिस्त्री ती केबल बांधायला विसरतात, किंवा बांधायचीच नसते. पुढचं चाक उचलून फिरवा, पायानं ब्रेक दाबा, चाक थांबलं पाहिजे. लाइट, हॉर्न, सेल्फ तर कोणीही पाहतो.

शेवटी चालवून पाहा. सिमेंट रस्त्यावर पाणी ओता, दोन्ही चाकं त्यातून नेऊन पंधरा-वीस हात सरळ जा, मग उतरून मागं या. दोन ओल्या रेघा एकमेकींवर पडायला हव्यात. शेजारी-शेजारी दोन रेघा दिसल्या तर गाडी खेकड्यासारखी चालते.

किंमत

तशीच धडधाकट गाडी आमच्या इकडं तेव्हा ५५,००० च्या आसपास जात होती. टोटल लॉसवाली साठ टक्क्यांच्या वर घ्यायची नाही, हा माझा नियम. पहिल्या महिन्याचा खर्च त्याच्यावर वेगळा धरायचा. मला नव्या रॉड, सील, कोनसेट, पुढचं टायर, दोन्ही चाकांचे बेअरिंग, ब्रेक शू अन् मजुरी धरून ५,६०० लागले. मिस्त्रीला मोडकी गाडी १४,००० ला पडली होती, हे जुन्या मालकाशी बोलताना कळलं. हेही फोटो मागण्याचंच फळ. त्याचा खर्च अन् मेहनत धरून ३३,००० मला ठीक वाटले. त्यालाही संसार आहे.

बायको म्हणाली होती, “पुन्हा भंगारच आणता का जी?” तिला मी सुतळी दाखवली. तिला काही पटलं नाही, पण आता बाजाराच्या दिवशी मागं बसते.

सगळे पैसे एकदम देऊ नका. मी ५,००० राखून ठेवले, आरसी माझ्या नावाची झाल्यावर दिले. मालकी बदलायचे फॉर्म २९ च्या दोन प्रती अन् फॉर्म ३०, त्यावर ज्याच्या नावावर आरसी आहे त्याची सही, मिस्त्रीची नाही. बोजा असेल तर बँकेची एनओसी अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५. विकणाऱ्यानं १४ दिवसांत अन् घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, असं आमच्याकडं अर्ध्या तालुक्याला वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक अन् भरपाईची जबाबदारी त्याचीच. जुन्या मालकाला एवढं सांगितलं की तो स्वतःच सही करायला धावत येतो.

विमा अन् पुढची वर्षं

अ‍ॅपवर जुना विमा चालू दिसला तरी तो चालू आहे असं धरू नका. टोटल लॉसचा क्लेम दिल्यावर ती पॉलिसी संपते. पॉलिसी नंबर घेऊन कंपनीच्या फोनवर विचारा, अन् घरी आणायच्या आधी नवा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) काढा. ७५ ते १५० सीसीला २०२२ मध्ये ठरलेला वर्षाचा दर ७१४ रुपये अधिक जीएसटी. विना विम्याचा पहिला दंडच २,००० आहे. सोबत चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घ्या. गाडीच्या नुकसानीचा विमाही हवा असेल तर इतिहास लपवू नका. एका कंपनीनं मला नकार दिला, दुसरीनं माणूस पाठवून गाडी पाहिली अन् दिला. लपवून घेतलेला विमा क्लेमच्या वेळी उलटतो, तेव्हा जुने फोटो त्यांच्याकडंच असतात.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, विशेषतः इंजिनचे अन् टीचे. जोडलेली गाडी बसते, बोल्ट सैल होतात. दर दोन-तीन महिन्यांनी सुतळी लावा, पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते अन् चाक जाम करते, ती काडीनं काढा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं कोनसेट अन् बेअरिंगमध्ये पाणी घालू नका. मेमध्ये यवतमाळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा जुन्या वायरिंगची टेप सुटते. मी दर उन्हाळ्याआधी टाकीखालची टेप नवी करतो. माझ्या गाडीला आजवर एकदा चेनकिट, एकदा क्लचप्लेट अन् दोनदा सील लागलं. ३७,००० किलोमीटरला मला हे फार वाटत नाही.

अशी गाडी विकताना पैसे होत नाहीत, हे घेतानाच धरून चाला. मागच्या श्रावणात आर्णीकडचा एक पोरगा ३०,००० ला मागत होता. मी त्याला मोबाइलमधला फोटो दाखवला, पुढचं चाक इंजिनला टेकलेला. तो बराच वेळ पाहत राहिला, मग गाडीभोवती एक चक्कर मारली अन् म्हणाला, “काका, सुतळी हाय का तुमच्याकडं?” आम्ही दोघांनी मिळून सुतळी लावली, फट मोजली. पोळ्यानंतर येतो म्हणाला, अजून आलेला नाही.